१२३४५६७८९८७६५४३२१ : हातचा येत नाही तोवर काय होतं, आणि आल्यावर काय होतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नऊ वेळा १ लिहून जी संख्या होते तिचा, म्हणजे १११११११११ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो, हा योगायोग आहे की ह्याला कारण आहे? दहा एक घेतले की पॅटर्न मोडतो, तो का? आणि एक्सेलमध्ये हाच गुणाकार केला तर शेवटी २१ च्या जागी ०० का दिसतं?

मी बरीच वर्षं गणित शिकवतोय, आठवी-नववीच्या पोरांपासून ऑलिंपियाडची तयारी करणाऱ्यांपर्यंत, आणि ही संख्या मी जवळजवळ प्रत्येक बॅचला देतो, म्हणून जरा लांबच उत्तर लिहितोय. आधीच सांगतो, योगायोग अजिबात नाही. सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे ती म्हणजे हातचा. आणि दहाव्या एकाला पॅटर्न मोडतो असं जे सगळे म्हणतात ते अर्धंच खरं आहे, डोळ्यांना दिसणारा पॅटर्न मोडतो, त्याच्या खाली जो दुसरा आहे तो मोडत नाही, आणि मला विचाराल तर ह्या संख्येतली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच आहे.

आधी १११ गुणिले १११ करा, कागदावर, शाळेत करायचो तशी उभी मांडणी करून. पहिली ओळ १११, दुसरी ओळ पण १११ पण एक घर डावीकडे सरकवून, तिसरी अजून एक घर डावीकडे. आता बेरीज करायला घ्या. एकंच्या घरात एकटा १ आहे, दहंच्या घरात दोन १ आहेत, शतंच्या घरात तीन, मग परत दोन, मग एक. झालं १२३२१. म्हणजे इथे बेरीज करताना आपण खरं तर काहीच करत नाही, नुसतं प्रत्येक उभ्या रांगेत किती १ आहेत ते मोजतो आणि तोच आकडा खाली लिहितो. नऊ एक घेतले की ओळी नऊ होतात, मधल्या रांगेत बरोब्बर नऊ १ येतात, आणि ९ हा एका घरात मावणारा सगळ्यात मोठा अंक. त्यामुळे कुठेही हातचा येत नाही आणि मोजणी जशीच्या तशी दिसते, एकापासून नऊपर्यंत चढत जाते आणि नऊपासून एकापर्यंत उतरते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर खरं तर एवढंच.

पण "किती १ आहेत ते मोजणं" ह्यावर जरा थांबा, कारण ह्याच मोजणीतून बाकीचं बरंच निघतं. दोन फासे एकदम टाका. बेरीज २ यायचा मार्ग एकच, ३ यायचे दोन, ४ चे तीन, असं करत ७ चे सहा, आणि मग ८ चे पाच, ९ चे चार, शेवटी १२ चा परत एक. हे मार्ग ओळीने लिहा, १, २, ३, ४, ५, ६, ५, ४, ३, २, १. हा सहा एकांचा, म्हणजे ११११११ चा वर्ग आहे, १२३४५६५४३२१. फाशाच्या सहा बाजू म्हणजे सहा एक, दोन फासे म्हणजे वर्ग. तसंच १ ते ९ लिहिलेल्या चिठ्ठ्यांचे दोन डबे घेऊन दोन्हीतून एकेक चिठ्ठी काढली तर बेरजांचे मार्ग मोजताना आपली मोठी संख्या अंकाला अंक मिळते. आणि एकूण मार्ग किती? नऊ गुणिले नऊ, ८१. म्हणून १२३४५६७८९८७६५४३२१ च्या सगळ्या अंकांची बेरीज ८१ येते. करून बघा, पाढा म्हणायची गरज नाही, एकदा कळलं की बेरीज करावीही लागत नाही.

आता ह्या ८१ ने आपल्या मोठ्या संख्येला भाग जातो का? जातो, पूर्ण जातो, आणि भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, जो स्वतः १२३४५६७९ चा वर्ग आहे. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो तिला हर्षद संख्या म्हणतात, हे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी दिलेलं. त्यांच्याबद्दल पुढे लिहितो कारण ही संख्या म्हटली की ते येतातच.

अवयव पाडायला सोपे आहेत. नऊ एक म्हणजे १११ गुणिले १००१००१, तीन-तीनच्या गटात बघितलं की लगेच दिसतं. १११ म्हणजे ३ गुणिले ३७. १००१००१ म्हणजे ३ गुणिले ३३३६६७, आणि ३३३६६७ ही मूळ संख्या आहे, पुढे तुटत नाही. म्हणजे १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७, आणि त्याचा वर्ग म्हणजे तीनचा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग. विभाजक मोजायचे तर घातांकांत एकेक मिळवून गुणायचं, ५ × ३ × ३ = ४५. विषम संख्येइतके विभाजक निघाले की ती पूर्ण वर्ग असणारच, इथेही तसंच आहे. नुसत्या एकांच्या संख्या सहसा अशाच तुटतात, मूळ असणाऱ्या फार विरळ. २ एकांची ११ ही मूळ, मग एकदम १९ एकांची, मग २३, मग ३१७, मग १०३१. ही १९ लक्षात ठेवा, परत लागेल.

ह्या संख्येला जुन्या पद्धतीने वाचलं तर तेही छान वाटतं. आपल्याकडे आता कोटीच्या पुढे सगळे अडखळतात, पण भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या लीलावतीत घरांची नावं सलग अठरा दिली आहेत, एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटि, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकु, जलधि, अंत्य, मध्य, परार्ध. आपली संख्या सतरा अंकी, म्हणजे परार्धाच्या एक घर अलीकडे थांबते. एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधि, चार शंकु, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटि, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीनशे एकवीस. पोरांना हे एकदा मोठ्याने म्हणायला लावा, घरांची नावं पाठ होतात आणि सतरा अंकांची भीती जाते.

आणि हे वेड आजचं नाही. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्य नावाचे जैन गणिती होऊन गेले, त्यांच्या गणितसारसंग्रहात गुणाकाराची अशी उदाहरणं मुद्दाम दिली आहेत ज्यांचं उत्तर दोन्हीकडून सारखं वाचता येतं आणि माळेसारखं दिसतं. त्यातलं एक आहे २७९९४६८१ गुणिले ४४१, उत्तर १२३४५६५४३२१, आणि ते ह्या उत्तराचं वर्णन एकापासून सहापर्यंत चढणारी आणि मग क्रमाने उतरणारी संख्या असंच करतात. ४४१ म्हणजे २१ चा वर्ग आणि २७९९४६८१ म्हणजे ५२९१ चा वर्ग, आणि २१ × ५२९१ म्हणजे सहा एक, १११,१११. म्हणजे वरचा फाशांचा आकडा ह्या माणसाने अकराशेहून जास्त वर्षांपूर्वी लिहून ठेवलाय. अजून एक उदाहरण त्यांचंच, १५२२०७ × ७३ = ११११११११. हे नुसतं गुणून सापडत नाही, आठ एकांचे अवयव कसे पडतात हे आधी ठाऊक असल्याशिवाय कोणी असं गणित रचू शकत नाही, म्हणून मला त्या उदाहरणांबद्दल फार आदर वाटतो.

आता खरं काम. संख्या तीन-तीनच्या गटांत तोडा उजवीकडून: १२, ३४५, ६७८, ९८७, ६५४, ३२१. बेरीज करा, २९९७ येते, म्हणजे ३ × ९९९. म्हणून आपल्या संख्येला ९९९ ने भाग जातो. आता तीनचे गट सोडा आणि नऊचा एकच मोठा गट करा, उजवीकडचे नऊ अंक ९८७६५४३२१ आणि डावीकडे उरलेले आठ १२३४५६७८. ह्यांची बेरीज ९९९९९९९९९. नऊ वेळा नऊ! म्हणजे संख्येला ९९९९९९९९९ नेही पूर्ण भाग जातो आणि भागाकार येतो १२३४५६७९, आठ गायब असलेली ती प्रसिद्ध संख्या. उलट करून बघा, १२३४५६७९ वर नऊ शून्यं द्या आणि त्यातून १२३४५६७९ वजा करा, १२३४५६७८९८७६५४३२१ येतं. चढ आणि उतार एकाच वजाबाकीतून निघतात, आणि हा वर्गाचा रस्ता नाही, वेगळाच रस्ता आहे, तरी त्याच ठिकाणी पोचतो.

१२३४५६७९ मधला ८ कुठे गेला हे पोरं नेहमी विचारतात. (ह्याला ९ ने गुणलं की नऊ एक येतात, २७ ने गुणलं की नऊ तीन, ६३ ने गुणलं की नऊ सात, ते सगळ्यांना माहीत असतं.) कारण असं आहे की १ भागिले ८१ हा दशांशात ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असा फिरत राहतो. १/८१ म्हणजे १/९ चा वर्ग, आणि १/९ म्हणजे ०.१११११… न संपणारे एक. म्हणजे इथेही आपण एकांचा वर्गच करतोय, फक्त एक संपत नाहीत त्यामुळे उतार कधी येतच नाही, घरांत १, २, ३, … ८, ९, १०, ११ असे आकडे चढतच जातात. पण १० एका घरात मावत नाही, त्याचा १ डावीकडच्या ९ ला जातो, तो १० होतो, तोही मावत नाही, त्याचा १ डावीकडच्या ८ ला जातो आणि ८ चा ९ होतो. म्हणून ७ नंतर ९ दिसतो आणि मग ०. आठ कुठे हरवला नाही, त्याच्या घरात हातचा येऊन तो नऊ झाला.

हे समजलं की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हातात आलंच. दहा एक घ्या. मधल्या रांगेत दहा १ येतात, दहा मावत नाहीत, हातचा गेला ९ ला, तिथून ८ ला, आणि उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. मधे दोन शून्यं, आठ परत गायब, आणि उलटं वाचलं तर सारखं नाही. बहुतेक लोक इथे थांबतात की नऊपर्यंतच गंमत होती, संपली.

थांबू नका. वर आपण नऊ एकांच्या वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज केली होती ना, तेच लहान संख्यांवर करत या. जितके एक तितके अंक उजवीकडून तोडायचे आणि उरलेल्यात मिळवायचे. ११ चा वर्ग १२१, तुकडे १ आणि २१, बेरीज २२. १११ चा वर्ग १२३२१, तुकडे १२ आणि ३२१, बेरीज ३३३. ११११ चा १२३ आणि ४३२१, बेरीज ४४४४. पाच एकांचा १२३४ आणि ५४३२१, बेरीज ५५५५५. आठ एकांना आठ आठ, नऊ एकांना नऊ नऊ. आता दहा एकांवर करा, त्याच मोडक्या संख्येवर. उजवे दहा अंक ०९८७६५४३२१, डावीकडे १२३४५६७९०. बेरीज ११११११११११, नीट मोजा, दहा एक येतात. म्हणजे ज्या संख्येचा वर्ग केला तीच संख्या परत आली!

अकरा एकांचा वर्ग १२३४५६७९०१२०९८७६५४३२१, अजून वेडावाकडा दिसतो, पण उजवे अकरा अंक २०९८७६५४३२१ आणि डावे १२३४५६७९०१ मिळवले की २२२२२२२२२२२, अकरा वेळा दोन. बारा एकांना बारा वेळा तीन. म्हणजे नऊनंतर हा दुसरा पॅटर्न मोडलाच नाही, तो परत १ पासून सुरू झाला आणि १८ एकांपर्यंत पुन्हा नऊवर जाईल, १९ ला पुन्हा १.

ह्याचं कारण म्हणजे शाळेत आपण गुणाकार तपासायला करायचो तो नवाचा ताळा. सिद्धता छोटी आहे, पूर्ण लिहितो. समजा एकांची संख्या 'न' आहे आणि त्यात 'क' इतके एक आहेत. 'न' च्या अंकांची बेरीज 'क', म्हणून 'न' ला ९ ने भागलं तर जी बाकी उरते तीच 'क' ला ९ ने भागल्यावर उरते, हाच ताळा. म्हणजे न = ९ × म + क, 'म' काहीतरी पूर्ण संख्या. दोन्ही बाजूंना 'न' ने गुणा. न × न = म × (९ × न) + क × न. आता ९ × न म्हणजे काय, तर क वेळा ९ लिहून होणारी संख्या, ९९९…९. म्हणजे 'न' चा वर्ग हा ९९९…९ चा काहीतरी पट अधिक क × न. आणि संख्येचे क-क अंकांचे तुकडे करून मिळवणं म्हणजे दुसरं काही नाही, ९९९…९ चे पट बाजूला काढणंच, कारण १ वर क शून्यं ही ९९९…९ पेक्षा फक्त एकाने मोठी आहे. म्हणून बेरीज म्हणजे बाकीच, क × न. दोन एक असतील तर २ × ११, तीन असतील तर ३ × १११, नऊ असतील तर नऊ नऊ. दहा असतील तर ताळ्यात १० चा १ होतो, म्हणून १ × न, म्हणजे 'न' च परत. बेरीज ह्याहून मोठी होऊन पुढे उडी मारत नाही ना, तेवढं बघावं लागतं, पण डावा तुकडा इतका लहान असतो की तसं होत नाही. संपली सिद्धता, आणि ह्यात हातचा कुठेच आला नाही. हातच्याने अंकांचा चेहरा बदलतो पण ९९९…९ ने भागल्यावरची बाकी त्याला बदलता येत नाही. म्हणून वरचा चढ-उताराचा जिना मोडला तरी हा नियम टिकला.

आता कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा, शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये, आणि नोकरी आयुष्यभर देवळालीच्या शाळेत मास्तरची. ६१७४ मुळे (सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घेऊन तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहिलं की शेवटी हीच संख्या येते) त्यांचं नाव जगभर गेलं, १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमधल्या कॉलमात त्यांच्याबद्दल लिहिलं त्यानंतर जास्तच. पण १, १२१, १२३२१, १२३४३२१ आणि शेवटी आपली सतरा अंकी, ह्या संख्यांवर त्यांनी त्याच्या कितीतरी आधी काम केलं, त्यांना त्यांनी डेम्लो संख्या म्हटलं. ही कल्पना त्यांना जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरच्या डेम्लो, म्हणजे आताच्या डोंबिवली स्टेशनात सुचली आणि नाव त्या स्टेशनावरूनच दिलेलं आहे. १९३९ मध्ये के. आर. गुंजीकर यांच्यासोबत त्यांचा ह्यावरचा लेख मुंबई विद्यापीठाच्या जर्नलमध्ये छापून आला.

आणि ज्या संख्येचा वर्ग करून त्याचे दोन तुकडे मिळवले की तीच संख्या परत येते तिला आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. ९ (८१, ८ + १), ४५ (२०२५, २० + २५), ५५ (३०२५, ३० + २५), २९७, ७०३, १४२८५७ ह्या सगळ्या तशा. म्हणजे बघा काय झालं. नऊ एकांपर्यंत वर्ग हा दोन्हीकडून सारखी दिसणारी डेम्लो संख्या असतो. दहाव्या एकाला तो चेहरा जातो, आणि नेमक्या त्याच ठिकाणी दहा एकांची संख्या कापरेकर संख्या होते. त्याच माणसाने शोधलेल्या दोन गोष्टी, एक संपते तिथे दुसरी सुरू होते, आणि दोन्हीच्या मागे १० चा ताळा १ हेच कारण. पुढची अशी संख्या १९ एकांची, आणि वर लिहिलंय तसं १९ एकांची संख्या मूळ पण आहे. मूळ असून कापरेकर! मला हे पहिल्यांदा जुळलं तेव्हा जो आनंद झाला तो अजून तसाच आहे, आणि वर्गात हे सांगताना मी कधी घाई करत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहायला पाहिजे, कारण ह्या आकड्याबद्दल भलतंसलतं पण फिरतं, विश्वाचं रहस्य वगैरे. चढ-उताराचा दिसणारा जिना हा आपण दहाच्या पायावर मोजतो, म्हणजे एका घरात ० ते ९ हेच दहा अंक वापरतो, म्हणून नऊवर संपतो. आठच्या पायावर मोजणारे लोक असते तर त्यांचा जिना सात एकांवर संपला असता, १२३४५६७६५४३२१, आणि आठ एकांना मोडला असता. सोळाच्या पायावर तो पंधरा एकांपर्यंत जातो. दोनच्या पायावर ११ चा वर्ग १००१ येतो, म्हणजे तिथे दुसऱ्याच पायरीला हातचा आला. तेव्हा जिना हा अंक लिहायच्या पद्धतीचा गुण आहे. अवयव मात्र, ३, ३७ आणि ३३३६६७, ते संख्येचे स्वतःचे, कुठल्याही पायावर लिहा ते तेच राहणार. ती पूर्ण वर्ग आहे, तिला ४५ विभाजक आहेत, १ पासून २२२२२२२२१ पर्यंतच्या सगळ्या विषम संख्यांची ती बेरीज आहे, हे पण तिचं स्वतःचं. आणि तुकड्यांचा नियम ह्या दोन्हींच्या मधला, तो प्रत्येक पायावर चालतो, फक्त ९ च्या जागी पायापेक्षा एकाने लहान अंक घ्यायचा. आठच्या पायावर आठ एकांची संख्या कापरेकर होते. कुठली गोष्ट लिहिण्याची आणि कुठली संख्येची हे वेगळं करता येणं, मला वाटतं पोरांनी ह्या एका उदाहरणातून एवढं शिकलं तरी पुष्कळ.

राहिला एक्सेलचा प्रश्न. एक्सेल संख्येचे पंधराच अंक ठेवतं, सोळाव्यापासून पुढे शून्य. आपली संख्या सतरा अंकी, म्हणून १२३४५६७८९८७६५४३०० दिसतं. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टने केलं तर अजून वेगळं, १२३४५६७८९८७६५४३२० येतं, शेवटचा १ फक्त गेला. तिथे संख्या ज्या पद्धतीने साठवतात त्यात दोनच्या त्रेपन्नाव्या घातापर्यंतच, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच प्रत्येक पूर्ण संख्या नेमकी बसते, त्याच्या वर दुप्पट होईपर्यंत फक्त सम संख्या बसतात. आपली विषम आहे, म्हणून तिला शेजारच्या सम संख्येवर बसवलं जातं. पायथॉनमध्ये करा, तिथे पूर्ण संख्येला अशी मर्यादा नाही, नेमकं उत्तर येतं, दहा, अकरा, एकोणीस एकांचे वर्गही नेमके येतात आणि वरचे तुकडे तपासता येतात. आणि कुठलंही यंत्र वापरलं तरी नवाचा ताळा करून बघायची सवय ठेवा, एक्सेलच्या उत्तराच्या अंकांची बेरीज ७८ येते, ८१ नाही, ताळा ६ येतो, ९ नाही, म्हणजे चूक लगेच पकडली जाते. एक्सेलमध्ये सोळा अंकी कार्ड नंबर भरले तर शेवटचा अंक ० होतो तेही ह्याच कारणाने, तिथे सेल आधी टेक्स्ट फॉरमॅटला टाकून मगच नंबर भरायचा, नंतर फॉरमॅट बदलून गेलेला अंक परत येत नाही.